बघण्याचेही पैसे द्या

मागच्या पावसाळ्यात एका रात्री अम्मीला दम लागला. साडेदहा वाजले होते. आंबवड्याहून भोर दहाएक किलोमीटर. अम्मीला मागच्या सीटवर बसवले आणि चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. गाव मागे पडले आणि दोन आचके देऊन इंजिन बंद. सेल्फ मारला, सुरू झाले, दोन मिनिटांत पुन्हा बंद. तिसऱ्यांदा सुरूच झाले नाही. बाहेर मुसळधार पाऊस, मोबाईलला रेंज नाही. शेवटी दुधाचा रिकामा टेम्पो आला. त्या भल्या माणसाने काही न विचारता आम्हाला दवाखान्याच्या दारात सोडले. अम्मी आता बरी आहे, अल्लाहचे शुक्र.

राग कशाचा आला, तर ही गाडी महिनाभरापूर्वीच ‘दुरुस्त’ झाली होती, एकदा नव्हे, तीनदा. पहिल्यांदा प्लग बदलले. मग बॅटरी. मग पेट्रोलचा पंप. बारा हजारांच्या आसपास खर्च झाला. पंप बदलल्यावर आठवडाभर गाडी छान पळाली, म्हणून मी निर्धास्त होतो.

नंतर गाडी टोचन करून एका वयस्कर मिस्त्रीचाचांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. बंद पडते तेव्हा सेल्फ फिरतो का? आचके देऊन पडते की दिवा विझावा तशी एकदम? किती वेळाने परत लागते? मग मागच्या सीटवर कान नेला आणि मला चावी ‘ऑन’ करायला सांगितले. पंपाची घरघर यायला हवी तशी येत नव्हती, दबकी येत होती. पंप तर नवा होता. त्यांनी मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी पंपाच्या अर्थ वायरीला लावली. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे. दिसले तीन व्होल्ट. चालत्या इंजिनात चौदाच्या आसपास व्होल्ट असतात. त्यातले तीन गंजलेल्या जोडातच जिरत होते. पंप दमत होता, पेट्रोलचा दाब पडत होता, इंजिन बंद होत होते. पंप बदलताना ती वायर हलली, जोड तात्पुरता बसला, म्हणून आठवडाभर गाडी बरी वाटली.

चाचांनी बोल्ट काढला, गंज घासला, नवा लग लावून घट्ट कसला. म्हणाले, “तीनशे द्या, सर.”

आणि माझ्या तोंडून काय निघाले? “एवढीशी वायर साफ करायचे तीनशे?”

चाचा हसले. “वायरीचे वीसच आहेत. बाकीचे ती शोधल्याचे.”

मला माझीच लाज वाटली. न लागणाऱ्या पार्टांसाठी मी बारा हजार मुकाट्याने मोजले होते, कारण प्रत्येक वेळी हातात रिकामा खोका आणि बिल मिळाले होते. ज्याने खरा दोष शोधला, त्याच्याशी मात्र घासाघीस करत होतो. ही सवय माझ्या एकट्याची नाही. गॅरेजवाल्याने “बघायचे दोनशे” म्हटले की आपण म्हणतो, “बघायचे कसले पैसे? काय बदलायचे ते सांग.” मग तो बिचारा काय करणार? बघण्याचे पैसे मिळत नाहीत, पार्ट विकल्यावर मिळतात. म्हणून तो अंदाजाने पार्ट बदलतो. त्याला तसे शिकवले आपण.

उर्दूच्या वर्गात मी मुलांना गुमान आणि यकीन यातला फरक समजावतो. गुमान म्हणजे वाटणे, यकीन म्हणजे तपासून पटणे. ‘पंपच गेला असेल’ हा गुमान. तीन व्होल्टचे रीडिंग हे यकीन. दोन्हींच्या मधे दहा-पंधरा मिनिटांचे काम असते, आणि त्याच कामाची किंमत आपण शून्य धरतो.

हे काम जादूचे नाही. गाडी सुरू होत नसेल तर आधी दोष कोणत्या घरातला आहे ते ठरवायचे. पहिले घर : सेल्फच फिरत नाही, नुसता ‘कट्’ आवाज येतो. मग बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थ आणि मग सेल्फची मोटार बघा. भरलेल्या, थांबलेल्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास असतात, १२.२ म्हणजे ती अर्ध्यावर आली. दुसरे घर : सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. इथे बॅटरी बदलून उपयोग नाही. पेट्रोल येते का, स्पार्क पडतो का, डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतो का, हे बघायचे. तिसरे घर : सुरू होते आणि बंद पडते. इथे पेट्रोलचा दाब, हवेची गळती, गरम झाल्यावर दगा देणारा सेन्सर, सैल रिले किंवा माझ्यासारखी गंजकी अर्थ वायर. डिझेल गाडी असेल तर फिल्टरमधले पाणी आणि पाइपात शिरलेली हवा. एवढे सांगता आले तरी निम्मा घोळ टळतो.

आपल्याकडच्या पावसासाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावे लागते. गाडी ढकलून बाहेर काढा आणि मिस्त्रीला बोलवा.

काही जण म्हणतील, आता स्कॅनर आलेत, शोधायचे काय उरले? १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आले, नव्या गाड्या स्कॅनरशिवाय बोलत नाहीत हे खरे. पण स्कॅनर काय सांगतो ते नीट वाचा. ‘पी ०३३५’ हा कोड आला तर त्याचा अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. सर्किटमध्ये सेन्सर आला, तशी वायर आली, कनेक्टर आला. कोड वाचून थेट सेन्सर बदलणे हा पुन्हा गुमानच, फक्त महागडा.

हे मी इथे का लिहितो? कारण आपल्या समाजातली कितीतरी मुले दहावीच्या आधी-नंतर गॅरेजात जातात. उस्तादाच्या हाताखाली पाने द्यायला लागतात, वर्षभरात इंजिन उतरवायला शिकतात. त्यांचे हात हुशार आहेत. पण मल्टिमीटर त्यांच्या हातात कोणी देत नाही, कारण त्यातून गल्ल्यात पैसा येत नाही. नववीच्या विज्ञानात ओहमचा नियम आहे. तो आम्ही फळ्यावर शिकवतो, पाच मार्कांना विचारतो आणि विसरतो. माझ्या गाडीतले तीन व्होल्ट म्हणजे तोच नियम होता. जुना जोड आणि मल्टिमीटर घेऊन तो एकदा वर्गात दाखवला, तर गॅरेजात जाणारा मुलगा पार्ट बदलणारा न राहता दोष शोधणारा होईल. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्सही त्याच्या आवाक्यात येईल. यात आम्हा शिक्षकांचे काम आहे, ते आम्ही करायला हवे.

बाकीचे काम गिऱ्हाईक म्हणून आपले. गॅरेजात गेल्यावर ‘तपासणीचे किती?’ असे आपणहून विचारा आणि ते द्या. पार्ट बदलायचा म्हटले तर ‘हाच खराब आहे हे कशावरून?’ असे आदराने विचारा. काढलेला पार्ट परत मागा. आणि गॅरेजवाल्या भावांनो, दारावर तपासणीच्या दराची पाटी लावा. सुरुवातीला दोन गिऱ्हाइके कुरकुर करतील, निघूनही जातील. पण ज्याची आई मागच्या सीटवर बसलेली आहे, तो तुमच्याकडेच येईल.

चाचांना मी त्या दिवशी पाचशे दिले. त्यांनी दोनशे परत केले.