मदत कुठे मिळते, तो पत्ता तरी द्या

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण



मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ या कायद्याने आपल्या प्राधिकरणावर बरीच कामे सोपवली आहेत. त्यांतले एक कलम ५५ मध्ये आहे आणि वाचायला ते अगदी साधे आहे. राज्यातले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची नोंदणी करायची आणि नोंदणी झालेल्यांची यादी प्रसिद्ध करायची. ती कशा प्रकारे प्रसिद्ध करायची, हे ठरवण्याचा अधिकारही कायद्याने आपल्यालाच दिला आहे. हे पत्र तेवढ्याच एका कामाबद्दल आहे. मनाच्या दुखण्यावर मदत शोधायला निघालेला माणूस पहिल्यांदा अडतो तो पत्त्यापाशी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या पहाटे आठ-दहा वर्षांची असलेली मुले आज चाळिशीत आहेत. कुणी शेती करते, कुणी दुकान चालवते. समजा, त्यांतली एक उमरग्यात शिक्षिका आहे. पहाटे चारच्या सुमारास तिला दचकून जाग येते, घराशेजारून जड ट्रक गेला की छातीत धडधड सुरू होते, गणेशोत्सव संपत आला की जेवण जात नाही. तालुक्यातल्या फिजिशियनने ईसीजी काढला, थायरॉइड तपासले. रिपोर्ट नॉर्मल आले. ‘टेन्शन घेऊ नका, जमलं तर काउन्सेलिंग घ्या,’ असे म्हणून त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली.

आता ती कुठे जाणार? नणंद देवऋषीचे नाव सुचवते. सोलापूरला शिकणारा भाचा मोबाइलवर शोधतो. त्यात करिअर काउन्सेलिंगवाले निघतात, सात दिवसांत नैराश्य घालवून देतो म्हणणारे संमोहनवाले निघतात, आणि पुण्या-मुंबईचे ऑनलाइन थेरपिस्ट निघतात. यांची सगळी माहिती इंग्रजीत आणि फी तासाला दीड-दोन हजार. यांतला शिकलेला कोण, नोंदणी असलेला कोण आणि नुसता बोर्ड लावून बसलेला कोण, हे ओळखण्याचा कुठलाच मार्ग तिच्या हातात नसतो. गुडघेदुखीचा डॉक्टर स्टाफरूममध्ये विचारून मिळतो. हा प्रश्न तिला तिथे विचारता येत नाही.

ही बाई कल्पनेतली आहे, पण तिची वणवण खरी आहे. ज्यांच्या घरात कुणी हे सोसले आहे, त्यांना ती परकी वाटणार नाही.

आपल्या राज्याचा आकडा तरी पक्का माहीत असावा, तर तोही नाही. निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, ते बारा राज्यांत. त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या बारा राज्यांत सर्वेक्षणाच्या वेळी मानसिक आजार असलेल्यांचे प्रमाण १०.६ टक्के निघाले, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते. दुसरीकडे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या: २२,७४६. देशात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ आहेत ०.७५, म्हणजे एकसुद्धा पुरा नाही. तेही बहुतेक शहरांत. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आलेले नाही.

कायद्याने मात्र पुष्कळ मोठे वचन देऊन ठेवले आहे. कलम १८ सांगते की, कुणाही मानसिक रुग्णाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागता कामा नये, सेवा राहत्या ठिकाणाजवळ असावी, आणि किमान सेवा प्रत्येक जिल्ह्यात सरकारी खर्चाने असलीच पाहिजे. ती नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणच्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा. सिरोंच्यातल्या माणसाला जिल्ह्याच्या गावी, गडचिरोलीला जायचे म्हटले तरी दोनशे किलोमीटर होतात. जवळ म्हणजे किती जवळ, ते तिथे बसून ठरवावे लागेल. आणि जवळ काय आहे हे आधी माहीत असावे लागेल. हक्क कागदावर कितीही भक्कम असला, तरी दार कुठे आहे हे ठाऊक नसलेल्याला तो बजावता येत नाही.

यावर नेहमी एक उत्तर मिळते: लोकच येत नाहीत, त्यांना लाज वाटते, गावात नाव होईल म्हणून भितात. यात तथ्य नाही असे कुणीच म्हणणार नाही. पण ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे आपल्याच राज्यात, अमरावती जिल्ह्यात सिद्ध झालेले आहे. तिथल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्य म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगितले, गावातच बोलण्याची सोय केली, गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्याचे नाव देशभर गेले, त्या विदर्भातली ही गावे. दीड वर्षात तिथल्या माणसांचा स्वभाव बदललेला नव्हता. कुणाकडे जायचे हे त्यांना कळले होते, आणि जायचे ठिकाण जवळ आले होते.

शेजारच्या गोव्यातले काम तर आणखी धीर देणारे आहे. १९९६ पासून तिथे काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींची एक उपचारपद्धती वापरून पाहिली. उपचार करणारे समुपदेशक या क्षेत्रातले पदवीधर नव्हते. त्यांना खास प्रशिक्षण दिले होते आणि त्यांच्या कामावर सतत देखरेख होती. तीन महिन्यांनी त्यांच्याकडचे ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. याचा अर्थ कुणीही उठून थेरपी करावी असा कोणी लावू नये. ठरलेली पद्धत, नीट प्रशिक्षण आणि वरून देखरेख, या तिन्ही गोष्टी असतील तर आरोग्य केंद्राच्या एका खोलीतही काम होते, एवढाच त्याचा अर्थ. बोर्ड लावून बसलेल्या माणसाकडे यांतले काय आहे, हे रुग्णाला कळण्याची सोय आज नाही.

इथेच आपली यादी लागते. नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक एवढ्या तीन रकान्यांची यादी कायद्याची अट पुरी करील, उमरग्याच्या बाईला ती पुरणार नाही. तिला आधी तालुका हवा. राज्यात ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके आहेत, तेव्हा यादी तालुक्याप्रमाणे उघडली पाहिजे, आणि ज्या तालुक्यात कुणीच नाही तिथे ‘कुणीही नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. ते कोरे तालुकेच पुढच्या पदभरतीचा आराखडा ठरतील. मग भाषा. मराठी तर हवीच, पण मेळघाटात कोरकू, नंदुरबारला भिली, गडचिरोलीत गोंडी समजणारा कुणी आहे का, हेही दिसायला हवे. दुःख माणूस ज्या भाषेत भोगतो त्याच भाषेत त्याला ते सांगता येते. फी किती, सरकारी दवाखान्यात बसतात की खासगीत, कोणत्या वारी, बाई थेरपिस्ट आहे का, फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता येते का, हे सगळे त्या एका पानावर असावे.

आणि आघातावर काम करण्याचे प्रशिक्षण. या एका रकान्यासाठी खास आग्रह धरावासा वाटतो, कारण इथे अर्धवट शिकलेला माणूस थेट इजा करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात आघातोत्तर तणावाच्या विकारासाठी आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वर्तन यांवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी थेरपी) या उपचारांची शिफारस आहे. उलट, नुकताच आघात झालेल्या माणसाला एकाच बैठकीत बसवून सगळे सांगायला लावणे, म्हणजे ज्याला डीब्रीफिंग म्हणतात, ते टाळा असेही त्यात बजावले आहे. जाणता थेरपिस्ट पहिल्या भेटीत सगळी हकीकत उकरत नाही. समोरच्याचे पाय आधी जमिनीवर टेकवतो, झोप आणि श्वास सांभाळायला शिकवतो, आणि किती बोलायचे हे त्याच्या हातात ठेवतो. ज्याला हे प्रशिक्षण नाही तो चांगल्या हेतूनेही जखम उघडी करून मोकळा होतो, आणि तो माणूस पुन्हा कुठल्याच दाराशी जात नाही.

महाराष्ट्रात या रकान्याची गरज कुणाला आहे ते सांगायला फार दूर जावे लागत नाही. माळीण २०१४ मध्ये दरडीखाली गेले, तळीये २०२१ मध्ये, इर्शाळवाडी २०२३ मध्ये. वाचलेल्यांना घरे बांधून देण्याची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण दर पावसाळ्यात रात्री जागून काढणाऱ्या त्या माणसांनी बोलायला कुणाकडे जावे? बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी राज्याने २०१३ साली मनोधैर्य योजना आणली. तिच्यात पैशांच्या मदतीबरोबर समुपदेशनही धरलेले आहे. ते समुपदेशन करणारी व्यक्ती आघाताचे काम शिकलेली आहे की नाही, यावर त्या पीडितेचे पुढचे आयुष्य ठरते.

एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. कलम ५५ मध्ये समुपदेशक येत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते, मानसोपचारतज्ज्ञ तर एमबीबीएसनंतर एमडी केलेले डॉक्टर असतात. मानसशास्त्रात एमए करून समुपदेशन करणाऱ्या हजारोंना मात्र वर्षानुवर्षे कुणी वालीच नव्हता. २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञांना आपल्या अनुसूचीत घेतले आहे आणि त्यासाठी राज्य परिषदांची तरतूद केली आहे. तेव्हा त्यांची नोंदणी आपले काम नाही, असे म्हणून हात झटकता येईल. कृपा करून तसे करू नका. खेड्यापाड्यांत उद्या जे काही मिळेल ते बहुतेक याच लोकांकडून मिळणार आहे. त्या राज्य परिषदेशी बोलून यादीत त्यांच्यासाठी वेगळा, स्पष्ट ओळखू येणारा भाग ठेवा, म्हणजे चांगले काम करणाऱ्यांना मान मिळेल आणि भोंदूंना आडोसा मिळणार नाही. यादीतल्या कुणी गोपनीयता मोडली किंवा गैरवर्तन केले तर तक्रार कुठे करायची, हेही त्याच पानावर लिहा. गोष्ट बाहेर फुटेल किंवा कुणी गैरफायदा घेईल, या भीतीपायी कितीतरी बाया पायरी चढत नाहीत.

या कामाची निकड आता आणखी वाढली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोड ठेवावी, असे निर्देश दिले. जिंतूरच्या किंवा शहाद्याच्या मुख्याध्यापकांनी तो तज्ज्ञ शोधायचा कुठे? त्यांनाही आपलीच यादी लागेल.

काही लोकांनी आपल्या परीने हे ओझे उचललेले आहे. ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९० पासून मराठीतून हे काम करते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘आयकॉल’ या हेल्पलाइनने लोकांच्या शिफारशी गोळा करून विश्वासू थेरपिस्टांची यादीसुद्धा तयार केली. पण नोंदणी पडताळून पाहण्याचा आणि चुकणाऱ्याचे नाव काढून टाकण्याचा कायदेशीर अधिकार अशा संस्थांकडे नाही. तो आपल्याकडे आहे.

म्हणून मागणी एवढीच. यादी मराठीत, तालुक्यावार, पडताळलेली आणि दर सहा महिन्यांनी दुरुस्त होणारी असावी. ती संकेतस्थळावर ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामपंचायतीत, एसटी स्टँडवर त्या तालुक्याचे पान लावा, आशाताईंच्या हातात द्या, आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर फोन घेणाऱ्यांसमोर ठेवा, म्हणजे फोन ठेवताना ते जवळचे नाव सांगू शकतील. कायद्याने प्राधिकरणावर स्वतः मानसिक आजारातून गेलेल्या व्यक्तींच्या आणि काळजीवाहू कुटुंबीयांच्या प्रतिनिधींसाठी जागा ठेवलेल्या आहेत. यादीत काय असावे हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. शोधताना कुठे ठेच लागते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही.

येत्या १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, निदान मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची पाने लोकांच्या हातात पडावीत, ही विनंती. आणि ज्या वाचकाला तोवर थांबणे शक्य नाही त्याने १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

कळावे.