मांजराला मार नको, रेती द्या



मांजर पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. मांजर लाडाचे आहे, उंदरांचा त्रास कमी झाला आहे. पण ते गोधडीवर घाण करते, मोरीत मुतते. एका खोलीत पाच-सहा माणसे झोपतात, तिथे हा वास कोण सहन करणार? मग एके दिवशी मांजराला गोणीत घालून दूर बाजारात सोडून येतात. तिथे ते कुत्र्यांच्या तावडीत सापडते किंवा गाडीखाली येते. घरातली मुले मात्र चार दिवस धड जेवत नाहीत. हे सगळे टाळता येते, आणि त्याला फारसा खर्चही लागत नाही.

मुळात मांजर हट्टाने किंवा सूड म्हणून घाण करत नाही. उकरून बसणे आणि वर माती ओढणे हा त्याचा उपजत स्वभाव आहे. पिल्लू तीन-चार आठवड्यांचे झाले की आपोआप उकरू लागते. आपल्या खोलीत सगळीकडे फरशी. उकरण्याजोगे मऊ असे काही असेल तर ती गोधडी. तेव्हा त्याला त्याची जागा करून देणे, हाच खरा उपाय.

एक पसरट टब किंवा जुने घमेले घ्या. मांजर आत सहज वळेल एवढे ते मोठे हवे. पिल्लासाठी काठ बुटका हवा. त्यात दोन-तीन इंच कोरडी रेती पसरा. बांधकामावरची रेती आणाल तर त्यात सिमेंट नाही हे पाहून घ्या. रेती मिळत नसेल तर सुताराकडचा भुसा किंवा वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्याही चालतात. दुकानातले पाकीट घेतलेच पाहिजे असे नाही. अमेरिकेत एडवर्ड लो या गृहस्थाने १९४७ साली मांजरासाठी भाजक्या मातीचे दाणे विकायला सुरुवात केली. त्याआधी तिथलीही घरे राख आणि रेतीवरच भागवत होती.

टब खाटेखाली किंवा शांत कोपऱ्यात ठेवा. तो जेवणाच्या वाटीजवळ नको आणि मोरीचे पाणी उडेल तिथेही नको. जेवल्यावर आणि झोपून उठल्यावर पिल्लाला उचलून टबात ठेवा. जुन्या झाऱ्याने रोज दोनदा घाण काढा, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. संडासात रेती टाकू नका, नळ तुंबतो. आठवड्याला सगळी रेती बदला आणि टब साबणाने धुवा. टब घाण असला तर मांजर दुसरी जागा शोधणारच.

इथे एक धोका ध्यानात ठेवा. टब किंवा फरशी फिनेलने पुसू नका. मांजर पाय चाटते आणि ते विष त्याच्या पोटात जाते. त्याचे यकृत ते पचवू शकत नाही. तसेच ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. एका गोळीनेही ते मरू शकते.

टबात जाणारे मांजर अचानक बाहेर करू लागले तर ते आजारी असू शकते. बोका वारंवार टबात बसतो, कण्हतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर त्याची लघवी अडली आहे असे समजा. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. दोन-तीन दिवसांत जीव जातो. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल माहीत आहेच. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. सुनेला दिवस गेले की शेजारीपाजारी सांगतात, मांजर आधी बाहेर काढा. भीती अगदीच खोटी नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी पसरू शकतो आणि पोटातल्या बाळाला अपाय करू शकतो. पण विष्ठा बाहेर पडल्यावर त्यापासून लागण होण्याजोगी स्थिती यायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज काढावी, आणि ती गरोदर बाईने काढू नये. नवऱ्याने काढावी, दिराने काढावी, सासऱ्याने काढावी. हे बाईचेच काम असे कुठे लिहिलेले नाही. मांजराला कच्चे मटण घालू नये. घरातही मटण पूर्ण शिजवावे, भाजी धुऊन घ्यावी. कारण लागण त्या वाटेनेही होते. एवढे पाळले तर मांजर आणि सून एका घरात सुखाने राहतील. शंका असेल तर दवाखान्यात डॉक्टरांना विचारावे.

काही घरांत मांजराचे नाक त्याच्याच मुतात घासतात आणि वर चापट मारतात. त्याने मांजर एवढेच शिकते की या माणसाला घाबरायचे. मग ते लपून, माळ्यावर जाऊन घाण करते. मांजर कशाने शिकते हे थॉर्नडाइक या संशोधकाने १८९८ साली दाखवून दिले, तेही आपल्या परिचयाच्या कोलंबिया विद्यापीठात. त्याने भुकेल्या मांजराला फळ्यांच्या पेटीत ठेवले आणि बाहेर खाणे ठेवले. दोरी ओढली की दार उघडे. मांजर आधी धडपडले आणि चुकून दोरी ओढली गेली. पुढे दर खेपेला त्याला कमी वेळ लागू लागला. ज्यातून फायदा झाला, ते त्याने धरून ठेवले.

हाच प्रयोग मुलांना करू द्या. जेवणाआधी पाच मिनिटे, उकडलेल्या मासळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे घ्यावेत. तुकडा मांजराच्या नाकासमोरून डोक्यावर न्यावा. मान वर करताना ते आपोआप बसते. बसताक्षणी जिभेने ‘टॉक्’ आवाज करावा आणि तुकडा द्यावा. काही दिवसांनी ‘बस’ म्हणावे. नाव घेतल्यावर येणे, हात देणे, हेही याच रीतीने शिकवता येते. चुकले तर तुकडा नाही, एवढीच शिक्षा. ओरडायचे नाही.

शेवटी दोन कामे लांबणीवर टाकू नका. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, तेव्हा दवाखान्यात विचारून वेळेत शस्त्रक्रिया करून घ्या. आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचून घ्या. मांजर चावले किंवा ओरखडले तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्या.