हिशेबपट्टी कोठे आहे?

हज यात्रेकरूंची निवड जाहीर झाली की अकोला, बाळापूर, अचलपूर आणि अमरावतीच्या मोहल्ल्यांतून तयारीची लगबग सुरू होते. आयुष्यभर हातमागावर, गॅरेजात वा शेतात राबून पैपै जोडणारी ही माणसे. पूर्वी हज कमिटीमार्फत जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूच्या हाती निघण्यापूर्वी २,१०० सौदी रियाल रोख ठेवले जात. त्याची किंमत आधीच भरून घेतलेली असे. २०२३ च्या हजच्या वेळी ही सक्ती काढून टाकण्यात आली आणि ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे परकीय चलन किंवा कार्ड घ्यावे, त्यासाठी स्टेट बँकेची मदत मिळेल, अशी व्यवस्था झाली. निर्णय वाईट नव्हता. ज्याला कमी लागते त्याने कमी न्यावे, हे रास्तच आहे. परंतु रोख रियालांच्या जागी प्लास्टिकचे कार्ड आले की त्याच्यामागोमाग शुल्कांची एक साखळी येते, आणि ती त्या वृद्ध दांपत्याला कोणी समजावून सांगितलेली नसते.

आकडेमोड करून पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी एक रियाल चोवीस रुपयांचा धरू. मक्केतील एटीएममधून भारतीय डेबिट कार्डाने ५०० रियाल काढले, म्हणजे १२,००० रुपये झाले. चलनबदलाचे शुल्क, ज्याला बँका मार्कअप म्हणतात, ते साडेतीन टक्के धरल्यास ४२० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ७५ रुपये ६० पैसे. परदेशात रोख काढण्याचे दर खेपेचे शुल्क १२५ रुपये, त्यावर पुन्हा जीएसटी साडेबावीस रुपये. एकूण ६४३ रुपये १० पैसे. म्हणजे शंभराला पाच रुपयांहून अधिक. आता हेच ५०० रियाल भीतीपोटी शंभर-शंभर करून पाच खेपांत काढले, तर दर खेपेचे शुल्क पाचपट होते आणि एकूण आकडा १,२३३ रुपयांवर जातो. शंभराला दहा! आणि ज्या बँकेचे ते यंत्र असते तिने आपले वेगळे शुल्क लावले तर ते याच्या वर. गरीब माणूस थोडे थोडे काढतो. कारण जवळ जास्त रोकड बाळगण्याची त्याला धास्ती असते. नेमक्या त्या धास्तीवरच ही रचना सर्वांत अधिक वसूल करते.

हे दर बँकेगणिक बदलतात. मार्कअप साधारणतः दोन ते साडेतीन टक्क्यांच्या दरम्यान असतो, काही कार्डांवर तो मुळीच नसतो. पण अशी कार्डे बहुधा ज्यांच्या खात्यात मोठ्या शिलका आहेत त्यांच्याच खिशात सापडतात. क्रेडिट कार्डाने रोख काढणे तर सर्वस्वी टाळावे. तेथे अडीच टक्क्यांच्या घरातले शुल्क तर असतेच, शिवाय काढल्या दिवसापासून महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज धावू लागते. खरेदीवर मिळणारी सवलतीची मुदत रोख रकमेला लागू नसते.

यापेक्षाही फसवा प्रकार दुसराच आहे. वरूड-मोर्शीकडील संत्रा बागायतदाराचा मुलगा जर्मनीत शिकावयास जातो, दुकानात कार्ड पुढे करतो, आणि यंत्राच्या पडद्यावर प्रश्न उमटतो : युरोत देणार की रुपयांत? परमुलखात रुपयाचे नाव दिसले की माणसाला घरचे कोणी भेटल्यासारखे वाटते. तो रुपया निवडतो आणि फसतो. या सोयीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन असे भारदस्त नाव आहे. तिच्यात चलनबदलाचा दर त्या दुकानदाराची बँक आणि यंत्र चालविणारी कंपनी ठरविते; त्यात चार-पाच टक्के, कधी त्याहूनही जास्त, आधीच मुरविलेले असतात. आणि व्यवहार रुपयांत झाला म्हणून आपली बँक गप्प बसते असेही नाही. कित्येक बँका अशा व्यवहारावरही स्वतंत्र शुल्क लावतात. म्हणून पडद्यावर प्रश्न आला की त्या देशाचेच चलन निवडावे. एवढे एकच वाक्य प्रत्येक घरी पोचविता आले तरी पुष्कळ झाले.

आगाऊ पैसे भरून न्यावयाचे फॉरेक्स कार्ड हा बरा मार्ग आहे, कारण भरण्याच्या दिवशीच दर पक्का होतो. पण तेथेही डोळे उघडे ठेवावेत. कार्डात डॉलर भरले आणि खर्च रियालमध्ये केला, तर एका चलनातून दुसऱ्यात जाण्याचे म्हणून पुन्हा तीन-साडेतीन टक्के कापले जाऊ शकतात. गंमत अशी की सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे. जेथे दर हलतच नाही तेथे बँकेने कोणती जोखीम पत्करली? हजला जाणाऱ्याने कार्डात रियालच भरून मागावेत.

वऱ्हाडाला परक्या चलनाचा हा बट्टा नवा नाही. वाशीमच्या पलीकडे हिंगोली-परभणीच्या बाजूला निजामाचा हाली सिक्का चाले आणि अलीकडे कळदार रुपया. ठोकळ हिशेब सात हालीला सहा कळदार असा. १९५९ पर्यंत हाली रुपया व्यवहारात राहिला. सीमेवरच्या बाजारात नाणी बदलून देणारा सराफ धर्मात्मा नव्हता, तोही आपला बट्टा घेईच. पण तो तोंडाने सांगून घेई, आणि न पटल्यास शेजारच्या पेढीवर जाता येई. आजही आमचा शेतकरी अमरावतीच्या वा अकोल्याच्या बाजार समितीत सोयाबीन घालतो तेव्हा अडत्याला त्याच्या हाती हिशेबपट्टी द्यावी लागते : भाव इतका, वजन इतके, हमाली इतकी, तोलाई इतकी. त्या पट्टीत खोट निघाली तर आम्ही समितीवर मोर्चा नेतो. बँकेच्या विवरणात मात्र मार्कअप पुष्कळदा मूळ रकमेतच विरघळलेला असतो. दरही अनेकदा खरेदीच्या दिवसाचा नसून व्हिसा वा मास्टरकार्डकडे हिशेब मिटतो त्या दिवसाचा असतो. ग्राहकाने ताडून पाहावे ते कशाशी?

यावर उपाय नाही असे नाही. युरोपीय संघाने २०१५ च्या कायद्याने दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेला मिळणाऱ्या शुल्कावर डेबिट कार्डासाठी ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्के अशी मर्यादा घातली. २०१९ च्या नियमाने संघांतर्गत चलनबदलाचा अधिभार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भदराशी तुलना करून, टक्क्यांत दाखविण्याचे बंधन आणले. ते काही समाजवादी राष्ट्र नव्हे! आपल्याकडेही रुपयाचा संदर्भदर रोज जाहीर होतो. २०१८ पासून ते काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था करते. प्रत्येक परदेशी व्यवहारानंतर येणाऱ्या संदेशात 'संदर्भदर इतका, तुम्हाला लावलेला दर इतका, शुल्क इतके, कर इतका' या चार आकड्यांची सक्ती करण्यास रिझर्व्ह बँकेला कोणती अडचण आहे? रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवरील दुकानदाराचे शुल्क सरकारने १ जानेवारी २०२० पासून कायद्याने शून्यावर आणले. त्याचा बोजा बँकांवर पडतो आणि सरकारला तिजोरीतून भरपाई करावी लागते, ही दुसरी बाजू आहे व ती आम्ही नाकारत नाही. पण इच्छा असली की शुल्काला हात घालता येतो, एवढे त्यावरून दिसले.

येथे आपल्या पदरातही थोडे माप घातले पाहिजे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा बँक सामान्य माणसाच्या दारी आली म्हणून आपण आनंद केला. त्या बँकांचे दरपत्रक वाचण्याचे कष्ट आपल्यातील कितीजणांनी घेतले? या मार्कअपच्या बाबतीत सरकारी बँका खाजगी बँकांहून फारशा वेगळ्या नाहीत, हे कबूल करावयास हवे.

कार्यकर्त्यांनी यात्रा निघण्यापूर्वी महिनाभर मोहल्ल्यांत बसावे आणि महाविद्यालयांतही एखादी बैठक घ्यावी. कार्ड परदेशी व्यवहारासाठी मुद्दाम सुरू करून घ्यावे लागते, हे आधी सांगावे. २०२० पासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठीच खुली करून दिली जातात, आणि जेद्द्याला उतरल्यावर ते कळून उपयोग नसतो. वर्षाला दहा लाखांपलीकडील रकमेवर जो कर आगाऊ कापला जातो तो शुल्क नव्हे, विवरणपत्र भरून तो वळता करून घेता येतो, हेही विद्यार्थ्यांच्या पालकांना सांगावे. शाखेतील माहिती इंग्रजी व हिंदीबरोबर प्रादेशिक भाषेत ठेवण्याचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. तेव्हा परदेशी व्यवहारांचे दरपत्रक मराठीत मागावे, बाळापूर-अचलपुरात उर्दूतही मागावे. मागणी लेखी करावी, तिची पोच घ्यावी, आणि कापल्या गेलेल्या रकमेबाबतच्या तक्रारीस तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यास पैसा पडत नाही.