चित्रबटणाचा हट्ट कशाला?

वेबफॉर्ममध्ये साध्या बटणाच्या जागी चित्र ठेवण्याची सोय एचटीएमएलमध्ये १९९५ पासून आहे. दिसायला हे चित्रबटण देखणं. जावा प्रोग्रामरला मात्र हमखास चकवणारं.

साधं बटण दाबलं की त्याचं नाव आणि मूल्य सर्व्हरकडे जातं. चित्रबटण दाबलं की चित्रावर नेमकं कुठे क्लिक झालं, त्याचे दोन आकडे जातात. बटणाचं नाव ‘सेव्ह’ असेल, तर सर्व्हलेटला, म्हणजे सर्व्हरवरच्या जावा कोडला, ‘सेव्ह.एक्स’ आणि ‘सेव्ह.वाय’ मिळतात. एचटीएमएल५ च्या नियमानुसार नुसतं ‘सेव्ह’ पाठवलंच जात नाही. ते शोधणाऱ्या कोडला ‘नल’, म्हणजे काहीच नाही, असं उत्तर मिळतं आणि बटण दाबलंच नाही असा त्याचा समज होतो. म्हणूनच स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कने यासाठी ‘इमेजबटणबीन’ हा वेगळा क्लास दिला. स्प्रिंग या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या ‘वेबयूटिल्स’मध्येही ‘.एक्स’ आणि ‘.वाय’ ही दोन शेपटं तपासणारी मेथड आहे.

खरी चिंता वेगळीच आहे. माऊस न वापरता कीबोर्डवरून बटण दाबलं, तर दोन्ही आकडे सहसा शून्य येतात. ‘आकडा शून्याहून मोठा हवा’ अशी अट कोडमध्ये असेल, तर अशा वापरकर्त्याचा अर्ज अडकतो. आकडा किती, हे पाहूच नये; तो आला का, एवढंच पाहावं. चित्राला पर्यायी मजकूरही हवाच, नाहीतर अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला बटणाचं काम सांगता येत नाही.

नव्या फॉर्ममध्ये तर ही कसरत टाळावीच. ‘बटण’ टॅगच्या आत चित्र ठेवता येतं आणि नाव-मूल्य सरळ सर्व्हरपर्यंत पोचतं.