गारठ्यातली सोबत

कोकणात मृगाच्या सरी उतरून भाताच्या पेरण्यांची लगबग सुरू होते, त्याच सुमारास विषुववृत्ताच्या पलीकडे सिडनी शहरात हिवाळा मूळ धरू लागतो. आणि पॅसिफिक महासागराला सन्मुख असलेल्या मॅनली या उपनगराच्या पुळणीवर, नॉरफोक पाइन वृक्षांच्या उंच रांगेसमोर, सूर्याची क्षितिजावर येण्याची आणि गुलाबी टोप्या घातलेल्या माणसांची पाण्यात उतरण्याची वेळ जूनमध्ये एकच होऊन बसते, सकाळी सातची. ‘बोल्ड अँड ब्यूटिफुल’ या नावाने ओळखला जाणारा हा समूह २००८ साली मोजक्या माणसांनी सुरू केला. मॅनलीहून शेली बीचपर्यंत पोहत जायचे आणि परतायचे, असा हा सुमारे दीड किलोमीटरचा रोजचा रिवाज आहे. त्यासाठी वर्गणीची पावती फाडावी लागत नाही, की कोणी हजेरीपट पुढे करीत नाही. या समूहातलेच एक लहानसे टोळके माझे झाले आहे, आणि परमुलखात इतकी वर्षे काढल्यानंतर मला जे सख्य या थंड पाण्यात लाभले, ते कचेरीत किंवा शेजारात लाभले नव्हते, हे कृतज्ञतेने नमूद करावेसे वाटते.

आज जी गोष्ट इतकी साहजिक वाटते तिला एके काळी कायद्याची आडकाठी होती. १८३० नंतरच्या दशकात न्यू साउथ वेल्सच्या सरकारने असा निर्बंध घातला की, सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत, लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी कोणी स्नान करू नये. आणि ही मनाई सुमारे सत्तर वर्षे कागदोपत्री जिवंत राहिली. विल्यम गोचर नावाच्या एका स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकाने, आपल्याच पत्रातून आगाऊ जाहीर करून, १९०२ च्या ऑक्टोबरात भर दिवसा मॅनलीच्या समुद्रात प्रवेश केला, आणि पोलिसांनी आपणांस अटक करावी असे राजरोस आव्हान दिले. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९०३ मध्ये, नगरपालिकेने गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकणाऱ्या पोशाखाच्या अटीवर दिवसभर स्नानाची मुभा दिली. गोचरच्या हट्टामागे स्वातंत्र्याची ओढ असेल किंवा आपल्या पत्राचा खप वाढविण्याची इच्छाही असेल. मला मात्र त्याचे उपकार वाटतात ते एवढ्यासाठी की, उजेडापूर्वी घाईने आटोपलेले स्नान ज्याचे त्याचेच राहते, आणि ज्या पाण्यात माणसे एकमेकांचे चेहरे पाहू शकतात, त्याच पाण्यात ओळखी रुजतात.

हिवाळ्यातल्या या समुद्राविषयी बाहेरच्या माणसाची समजूत सहसा उलटी असते. जुलैच्या पहाटे हवा ७-८ अंशांपर्यंत उतरते. परंतु उत्तरेचे उबदार पाणी घेऊन येणारा पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह या किनाऱ्याला धरून वाहत असल्यामुळे, आणि समुद्र आपली उष्णता सावकाश सोडीत असल्यामुळे, पाणी तेव्हाही १७-१८ अंशांवर असते, आणि त्याचा सर्वांत थंड काळ हवेच्या मागून, ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. म्हणजे पाणी हवेहून उबदारच. तथापि अंगाला हा हिशेब पटत नाही, कारण उष्णता वाहून नेण्याची पाण्याची शक्ती हवेच्या सुमारे २५ पट आहे. छातीपर्यंत पाणी चढले की श्वास आपोआप आत ओढला जातो, पुन्हा ओढला जातो, आणि एखाद-दोन मिनिटे तरी फुफ्फुसे आपल्या हुकमात राहत नाहीत. या एखाद-दोन मिनिटांतच आमच्या मंडळींचा खरा स्वभाव दिसतो. जे सराईत आहेत, ज्यांना सूर मारून पार पुढे निघून जाणे सहज शक्य आहे, ते नवख्याच्या बाजूला कमरेइतक्या पाण्यात काकडत उभे राहतात, आणि “श्वास सोड, नुसता सोड, घ्यायची चिंता करू नको” एवढेच सांगत राहतात. त्याची छाती ताळ्यावर आली की मग सगळे एकदम निघतात.

माघस्नानाला पहाटेच्या अंधारात एकमेकींच्या दारांवरून हाका घालीत कृष्णेच्या घाटावर जाणाऱ्या बायका मी वाईस लहानपणी पाहिल्या आहेत. त्यांच्या स्नानामागे पुण्याचा संकल्प होता, यांच्यामागे तो नाही; परंतु गार पाण्यात एकट्याने उतरू नये, कोणाला तरी बरोबर घ्यावे, हे शहाणपण दोन्हीकडे सारखेच आहे.

वाटेत कॅबेज ट्री बे लागतो. २००२ सालापासून हा जलभाग संरक्षित आहे. तेथे मासेमारीला पूर्ण बंदी असल्यामुळे खडकांमधली वस्ती निर्धास्त झाली आहे. हिवाळ्यात वारा पडलेला असला की तळ स्वच्छ दिसतो: रंग पालटीत सरकणारी मोठी कटलफिश, अंडी घालण्यासाठी किनाऱ्याजवळ आलेले, माणसाच्या वाटेस न जाणारे पोर्ट जॅक्सन शार्क, आणि या प्रांताने आपला राज्यमत्स्य म्हणून गौरविलेला निळा ग्रोपर. हा ग्रोपर मादी म्हणून जन्मतो आणि पुढे त्यांतला एखादाच नर होऊन निळाई धारण करतो, ही माहिती मला तरंगत असताना, नाकातोंडात पाणी जात असताना, एका निवृत्त शिक्षिकेने सांगितली. आणि ती पुरती सांगून होईपर्यंत आम्ही दोघेही जागच्या जागी पाय मारीत राहिलो. एरवी पाण्याखाली बोलण्याची सोय नाही. ज्याला काही दिसले तो थांबतो, हात लांब करून तळाकडे बोट दाखवितो, मागचे थांबतात, पाहतात, आणि पुढच्यांना बोलावतात. आपल्याला दिसलेली चांगली गोष्ट दुसऱ्याच्या नजरेतून निसटू नये ही कळकळ मला पाण्याबाहेर इतक्या निरपवादपणे कोठे आढळलेली नाही.

शेली बीचचे मुख पश्चिमेकडे आहे, ही गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर विरळाच. त्यामुळे तेथे लाटांचा जोर लागत नाही आणि वाळूवर दोन क्षण विसावता येते. आमच्या टोळक्याचा शिरस्ता असा की, शेवटचा माणूस वाळूला लागेपर्यंत कोणी परत फिरायचे नाही. हा नियम कोणी घालून दिला ते मी विचारले नाही. परंतु ओल्या अंगाला वारा झोंबत असताना, दात वाजत असताना, मागे राहिलेल्या एका गुलाबी ठिपक्यावर डोळे लावून उभ्या असलेल्या त्या माणसांकडे पाहिले म्हणजे माझे मन भरून येते.

पाण्याबाहेर आल्यानंतरची काही मिनिटे खरी परीक्षेची. पोहणे थांबले तरी हातापायांतले गार रक्त आत परतत राहते आणि शरीर आणखी निवते. हुडहुडी भरते ती त्या वेळी. बोटे इतकी बधिर होतात की सदऱ्याची गुंडी काजात जात नाही. ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ आमच्यात आहेत. त्यांच्या गुंड्या रोज कोणी ना कोणी लावून देते: आधी गळ्याजवळची, मग एकेक करीत खाली, आणि लावून देणाऱ्याची बोटेही धड चालत नसल्यामुळे एकेका गुंडीला वेळ लागतो. तेवढ्या वेळात ते गृहस्थ आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून समोरच्याच्या ओठांशी धरतात. येथे सर्वांना सर्वजण नुसत्या नावाने हाक मारतात. वडिलांच्या वयाच्या माणसाला तशी हाक मारताना माझी मराठी जीभ अजूनही अडखळते, आणि मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणतो.

सिडनी बंदराच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर, बाँडायला, याहून फार निराळी परंपरा आहे. तेथील ‘आइसबर्ग्ज’ हा हिवाळी पोहणाऱ्यांचा क्लब जीवरक्षकांनी १९२९ साली स्थापन केला, आणि त्याची सनद अशी कडक की, मे ते सप्टेंबरच्या हंगामात महिन्याच्या चार रविवारांपैकी तीन रविवार, आणि तेही सलग पाच वर्षे, जो पोहेल त्याचेच सभासदत्व टिकेल. हंगामाचा आरंभ क्लबाच्या पोहण्याच्या तलावात बर्फाच्या लाद्या टाकून होतो. स्त्रियांना तेथे प्रवेश मिळाला तो थेट १९९० नंतरच्या दशकात. या क्लबाविषयी मला आदर आहे. अंथरुणाची ऊब सोडताना मन जे शेकडो बहाणे शोधते त्यांना असा लेखी नियम परस्पर निकालात काढतो, आणि एकत्र भोगलेल्या रविवारांतून तेथेही जिवाभावाची मैत्री झालेली असणार. तरीही मला आमची बिनसनदेची रीत अधिक मोलाची वाटते. नियमाने माणूस घाटापर्यंत येईल. पण “माझी बोटे चालत नाहीत, जरा गुंडी लावा” असे म्हणण्याचा मोकळेपणा नियमातून येत नाही. शहरातला माणूस आपली असहायता दिवसभर झाकून वावरतो. येथे गारठा ती कोणाचीच झाकू देत नाही, न्यायाधीशाची नाही आणि नळकाम करणाऱ्याचीही नाही, आणि म्हणून मदत मागण्यात किंवा देण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

यंदाच्या हिवाळ्यात त्या वृद्ध गृहस्थांना डॉक्टरांनी थंड पाणी वर्ज्य केले. पहिले काही दिवस ते आलेच नाहीत. मग दोघीजणी त्यांच्या घरी गेल्या आणि त्यांना थर्माससकट घेऊन आल्या. आता ते किनाऱ्यालगतच्या फरसबंद वाटेने शेलीपर्यंत चालत येतात, वाळूवर येणारी डोकी मोजतात, आणि सगळी आल्याची खात्री झाल्याशिवाय चहाचे झाकण उघडीत नाहीत. त्यांना चालताना सोबत असावी म्हणून रोज आमच्यापैकी कोणीतरी एक जण पोहणे सोडतो. कोणाचा दिवस कोणता हे ठरलेले नाही. ज्याला त्या सकाळी सुचते तो टोपी खिशात घालतो आणि त्यांच्याबरोबर चालू लागतो.