नक्कल आणि स्थलांतर

गेल्या पावसाळ्यात एका रात्री पेडण्याहून धाकट्या आतेभावाचा फोन आला तेव्हा घरात कोणाचे बरेवाईट झाले की काय, असेच मला वाटले. तसे नव्हते. संगणकात जागा करण्याच्या भरात त्याने एक सबंध फोल्डर पुसला होता, वर कचरापेटीही रिकामी केली होती. त्यात घरच्या मोडी कागदांची छायाचित्रे होती आणि डिचोली तालुक्यातल्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचीही. कागद मागाहून वाळवीने खाल्ले. शिवछत्रपतींनी १६६८ साली जीर्णोद्धार करविलेले ते देऊळ दुरुस्त होऊन २०२३ साली पुन्हा उघडले. त्याचे आधीचे रूप आता कोणालाही टिपता यावयाचे नाही.

मी या विद्येतला पंडित नव्हे. परंतु चकतीच्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, नोंदवहीतली तिची नोंद तेवढी कटते, आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईतो मजकूर तिथेच असतो, एवढे ठाऊक होते. म्हणून म्हटले, ‘बाबा रे, यंत्र बंद कर आणि हात लावू नकोस.’ (नव्या एसएसडीत ही सवड बहुधा मिळत नाही, मोकळी झालेली जागा ती आपण होऊन साफ करते.)

आठवड्याने मी तिकडे गेलो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालविला आणि हाती आले ते वेगळ्या डिस्कवर उतरविले. त्याच डिस्कवर उतरविणे म्हणजे उरल्यासुरल्यावर बोळा फिरविणे. पुष्कळसे परत आले, पण नावे गेली. फोटोरेक फाइलची नोंद पाहत नाही, आतल्या ठेवणीवरून तिला ओळखतो. त्यामुळे प्रत्येक छायाचित्राला नुसता क्रमांक. कोणता कागद कोणत्या पणजोबांचा, हे आत्याला शेजारी बसवून लावून घ्यावे लागले. ती अजून आहे, हे आमचे भाग्य.

‘बॅकअप नव्हता का रे?’ मी विचारले. ‘होता की! हाच तो!’ म्हणजे छायाचित्रे फोनमधून संगणकात आणावयाची, फोनमधली पुसावयाची आणि त्याला बॅकअप म्हणावयाचे! हे तर नुसते स्थलांतर. गोव्याने ते पूर्वीही पाहिले आहे. १७७७ साली तिथल्या दप्तरातले मोसमी पत्रव्यवहाराचे ६२ खंड लिस्बनला गेले आणि गोवा त्यांना मुकला. १८८० पासून ते छापून निघू लागले, तेव्हा कोठे त्यातला मजकूर एकाहून अधिक ठिकाणी नांदू लागला. आपल्याकडे बडोद्यातही सनदा स्कॅन झाल्या म्हणून माळ्यावरच्या ट्रंका रिकाम्या करणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांना मी स्पष्ट सांगतो, कागद टाकू नका. ‘क्लाउडवर आपोआप जाते’ यावरही विसंबू नये. जिथे दोन्हीकडे एकच प्रत जुळवून ठेवण्याची सोय असते, तिथे इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते.

आता एक डिस्क पेडण्याला, एक डिचोलीला मावशीकडे आणि एक माझ्या कपाटात आहे. प्रत्येकाने दर दिवाळीला आपली डिस्क जोडून वाटेल ते दहा कागद उघडून पाहावयाचे, असे ठरले. आतेभावाला हा माझा म्हातारचळ वाटला. पहिल्याच दिवाळीत डिचोलीची डिस्क उघडली नाही. माझ्या डिस्कवरून नवी भरून गेल्या महिन्यात तिकडे धाडली.