विश्लेषण : एचआयव्हीवर वर्षाला दोन इंजेक्शने, पण आधी चाचणी कोणाची?

एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे ‘लेनाकापाविर’ हे इंजेक्शन २०२७ पासून गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आसपास, मिळू लागेल. ते स्वस्तात बनवणाऱ्यांत भारतीय कंपन्या आघाडीवर आहेत. या औषधाचे जगभर स्वागत झाले, ते योग्यच. पण भारतातील एड्स नियंत्रणाची खरी गळती औषधाच्या टप्प्यावर नाही. ती एक पायरी आधी आहे, चाचणीच्या टप्प्यावर.

हे इंजेक्शन नेमके काय करते?

एचआयव्हीचा जनुकीय ऐवज प्रथिनांच्या एका कवचात बंद असतो. लेनाकापाविर या कवचाला चिकटते आणि विषाणूचे पुढचे काम थांबवते. पोटाच्या त्वचेखाली टोचल्यावर औषधाचा छोटा साठा तयार होतो आणि तो महिनोन्‌महिने हळूहळू रक्तात मिसळत राहतो. सुरुवातीच्या दोन दिवशी सोबत गोळ्याही घ्याव्या लागतात. ही लस नव्हे. लस शरीराला लढायला शिकवते. इथे औषध आहे तोवरच संरक्षण. म्हणूनच प्रत्येक इंजेक्शनआधी एचआयव्ही चाचणी बंधनकारक आहे. संसर्ग आधीच झालेला असेल आणि तरीही हे एकटे औषध दिले, तर विषाणू त्याला दाद न देणारे रूप घेऊ शकतो.

शून्याचा आकडा कुठून आला?

दक्षिण आफ्रिका आणि युगांडात १६ ते २५ वर्षांच्या पाच हजारांहून अधिक मुली व तरुणींवर ‘पर्पज-१’ ही चाचणी झाली. निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले. इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. रोज गोळी दिलेल्या दोन गटांत मिळून ५५ जणींना झाला. दुसऱ्या चाचणीत प्रामुख्याने पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती होत्या. तिथे इंजेक्शनच्या गटातील २,१७९ जणांपैकी दोघांना संसर्ग झाला.

गोळ्यांच्या गटात एवढे संसर्ग का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. गोळीत दोष नव्हता. बहुतेक जणींनी ती नियमित घेतली नाही. घरात गोळ्यांची बाटली दिसली की ‘हिला एड्स आहे’ अशी कुजबुज सुरू होते, जोडीदार संशय घेतो. वर्षातून दोनदा दवाखान्यात जाऊन यायचे असेल, तर लपवायला काही उरत नाही. इंजेक्शनच्या यशात रसायनशास्त्राइतकाच या साध्या गोष्टीचा वाटा आहे.

अमेरिकेत याला जून २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा वर्षाची किंमत होती २८,२१८ डॉलर, म्हणजे सुमारे २४ लाख रुपये. महिनाभरात जागतिक आरोग्य संघटनेनेही शिफारस केली. मूळ कंपनी गिलियडने १२० देशांसाठी स्वस्त औषध बनवण्याचे परवाने सहा उत्पादकांना दिले आहेत. त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांच्यासह पुण्याच्या एमक्युअरचाही समावेश आहे. ४० डॉलरची घोषणा झाली ती हैदराबादच्या या दोन कंपन्यांच्या बळावर.

मराठी वाचकाला यात जुनी ओळख पटावी. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीची तिहेरी औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली होती. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्या त्याच उपचाराचे दहा हजार डॉलरहून अधिक घेत. त्या एका दराने आफ्रिकेतील उपचारांचे गणितच बदलले. भारताने मात्र स्वतःच्या रुग्णांना मोफत उपचार द्यायला एप्रिल २००४ उजाडू दिले. औषध इथे बनते आणि इथल्या माणसापर्यंत उशिरा पोहोचते, हा अनुभव जुना आहे.

मग भारतात अडते कुठे?

देशात सुमारे २५ लाख एचआयव्हीबाधित आहेत. महाराष्ट्रात ही संख्या चार लाखांच्या घरात असून ती सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. २०२३ च्या अंदाजानुसार बाधितांपैकी ८१ टक्के लोकांना आपली लागण ठाऊक होती. ज्यांना ठाऊक, त्यांपैकी ८८ टक्के उपचारावर होते आणि उपचारावरील ९७ टक्के लोकांचा विषाणूभार दबलेला होता. जगाने तिन्ही टप्प्यांवर ठेवलेले उद्दिष्ट ९५ टक्क्यांचे आहे.

म्हणजे औषधाचा टप्पा भारताने जिंकला आहे. ९७ हा आकडा सरकारी एआरटी केंद्रांतील डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशकांनी कमावलेला आहे आणि त्याचे कौतुक क्वचितच होते. पण पहिल्या पायरीवर शंभरातले १९ जण गळतात. देशाच्या हिशेबात ते होतात पावणेपाच लाखांच्या आसपास. आपल्याला लागण झाल्याचे त्यांना माहीत नाही. दरवर्षी साठ हजारांहून अधिक नव्या संसर्गांची भर पडते, तिचे मूळ शोधायचे तर इथूनच सुरुवात करावी लागेल.

भारतात चाचणी होते कोणाची, ते पाहा. गर्भवतीची, क्षयरुग्णाची, रक्तदात्याची, शस्त्रक्रियेला निघालेल्या रुग्णाची आणि जोखमीच्या गटांतील व्यक्तींची. धडधाकट, कमावता, विवाहित पुरुष या यादीत कुठेच बसत नाही. तो मधुमेह तपासतो, रक्तदाब तपासतो. एचआयव्हीची चाचणी म्हणजे त्याच्या लेखी चारित्र्याचा दाखला.

याची किंमत बायका मोजतात. पहिल्या बाळंतपणात रक्त तपासले जाते, अहवाल पॉझिटिव्ह येतो आणि घरात आधी तिचाच निदान झालेला असल्याने ‘हिनेच आणले’ असा निवाडा होतो. नवऱ्याचे रक्त कोणी तपासलेलेच नसते. कित्येकदा तो तपासायला तयारही होत नाही. गर्भवतींची सार्वत्रिक तपासणी आवश्यकच आहे. तिच्यामुळे बाळांचा संसर्ग टळतो. पण चाचणी जोडप्याची न होता एकट्या बाईची होते, तेव्हा आरोग्य व्यवस्था नकळत त्या घरगुती निवाड्याला पुरावा पुरवते.

दुसरी अडचण खासगी दवाखान्यांतली. शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासण्यांच्या यादीत एचआयव्ही असते. रुग्णाला ते अनेकदा सांगितलेही जात नाही, अहवाल आधी नातेवाइकांच्या हाती पडतो. सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही/एड्स कायद्यानुसार चाचणीसाठी माहितीपूर्ण संमती लागते, गोपनीयता पाळावी लागते आणि नोकरी वा उपचार नाकारण्याचा भेदभाव करता येत नाही. तक्रारीसाठी राज्यात लोकपालाची तरतूद आहे. हा कायदा किती रुग्णालयांच्या भिंतीवर लावलेला दिसतो?

‘पॉझिटिव्ह’चा अर्थ किती बदलला?

चाचणीची भीती जुन्या अर्थावर टिकून आहे. नवा अर्थ लोकांपर्यंत पोहोचलेलाच नाही. नियमित उपचाराने विषाणूभार चाचणीत न सापडण्याइतका खाली गेला, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. हा दिलासा देण्यापुरता शब्दप्रयोग नाही, संशोधनाचा निष्कर्ष आहे. एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही, अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत मोठा अभ्यास झाला. त्यात पुणे आणि चेन्नईतील जोडपीही होती. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, हे २०११ मध्ये त्यातून पुढे आले. नंतर युरोपात शेकडो जोडप्यांच्या ‘पार्टनर’ अभ्यासांत विषाणूभार दबलेल्या जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग आढळला नाही.

ज्या शहराने या संशोधनाला जोडपी दिली, त्याच शहरात आजही बाधिताची थाळी वेगळी ठेवणारी घरे आहेत. उपचारावरील व्यक्ती साधारण इतरांइतकेच आयुष्य जगते, संसार करते, तिला निरोगी मूल होऊ शकते, हे दवाखान्याच्या चार भिंतींत सांगितले जाते. एसटी स्थानकावरच्या फलकावर मात्र अजूनही केवळ ‘धोका’च असतो.

आता काय करता येईल?

इंजेक्शन राष्ट्रीय कार्यक्रमात यायलाच हवे. ‘यामुळे लोक बेफिकीर होतील’ हा आक्षेप निरोध वाटपाच्या वेळीही घेतला गेला होता. सांगलीत ‘संग्राम’ने १९९२ पासून देहविक्री करणाऱ्या महिलांच्याच हाती हे काम सोपवले. ज्यांना जोखीम आहे त्यांच्यावर विश्वास टाकला की त्या स्वतःला आणि गिऱ्हाईकालाही वाचवतात, हे तिथे दिसले. नव्या इंजेक्शनची सुरुवातही अशा महिला, तृतीयपंथी व्यक्ती, सुईने नशा करणारे आणि जोडीदार बाधित असलेले यांच्यापासून व्हावी. साडेतीन हजार रुपये सर्वांना देणे शक्य नाही आणि तशी गरजही नाही.

मात्र हा खर्च चाचणीच्या तरतुदीतून कापला गेला, तर ती फसवणूक ठरेल. गर्भवतीसोबत पतीची चाचणी हा नियम व्हावा. कारखाने, ऊसतोडणीचे फड, ट्रकचालकांचे थांबे इथल्या आरोग्य शिबिरांत साखर आणि रक्तदाबाच्याच टेबलावर, संमतीने, एचआयव्हीची चाचणीही असावी. वेगळा तंबू ठोकला की तिथे कोणी फिरकत नाही, हे शिबिरे घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. समुपदेशकांची कंत्राटी पदे भरलेली हवीत, कारण अहवाल हातात देण्याची ती पाच मिनिटे यंत्र सांभाळू शकत नाही.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा १५ हजार कोटींहून अधिक रकमेचा, मार्च २०२६ पर्यंतचा. अमेरिकी मदत आटल्याने आफ्रिकेतील केंद्रे अडचणीत आली असताना हा खर्च केंद्र सरकार स्वतः उचलते, ही जमेची बाजू. पुढच्या टप्प्यात इंजेक्शनसाठी किती आणि पहिल्या पायरीवर गळणाऱ्या १९ जणांसाठी किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले जायला हवेत. तोवर मोफत आणि गोपनीय चाचणी जवळच्या सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात होते. माहितीसाठी १०९७ हा निःशुल्क क्रमांक आहे.